पांढरं खत

मोसंबीचं झाड डब्यात मरायला लागलं की पंधरा दिवस कुणाला कळत नाही. वरची पानं हिरवीच असतात, एखादी नवी फूटही येते, आणि खाली मुळ्या काळ्या पडून कुजत असतात. मग एके दुपारी पानं मिटतात आणि संध्याकाळी पाणी घातलं तरी उघडत नाहीत. मी सतरा वर्षांची होईतो आमच्या नर्सरीत लागोपाठ दोन पावसाळे अशी झाडं मेली. नाना, म्हणजे माझे वडील, मेलेलं झाड उपटून मुळ्या नाकाशी न्यायचे आणि ते कुंपणापलीकडे टाकायचे. त्या दिवशी जेवताना घरात कुणी बोलत नसे.

आमचं घर आणि नर्सरी एकाच जागेत होती, जळगावच्या कडेला, गिरणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीपासून कुंपणापर्यंत रोपं. नाना मूळचे फैजपूरकडचे, केळीच्या बागेत वाढलेले. भावांशी पटेना म्हणून आपला वाटा त्यांनाच कसायला सोडून ते अक्काला आणि मला घेऊन शहरात आले. अक्का म्हणजे माझी आई. घरातले सगळे धाकटे तिला अक्का म्हणायचे, म्हणून मीही. पहाटे जाग यायची ती नाना माती चाळत असायचे त्या आवाजानं. मग जिनिंगचा भोंगा, मग अक्काच्या भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल आणि ठेचा. थंडीत अक्का कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, तेव्हा सगळ्या नर्सरीला भरताचा वास सुटायचा आणि रोपं घ्यायला आलेली माणसंही उगाच रेंगाळायची. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण त्यांच्यापासून काय लपवलं हे त्याशिवाय कळणार नाही.

झाडं मरत होती ती मातीमुळे, असं मला वाटायचं. नाना फैजपूरच्या शेतातली काळी माती ट्रकनं मागवायचे आणि तीच शेणखत घालून डब्यांत भरायचे. केळी ज्या मातीत येते त्या मातीत काय येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण डब्यात ती माती उन्हाळ्यात दगडासारखी व्हायची, कडेनं भेगा पडून पाणी सरळ खाली पळायचं. आणि पावसात फुगून बसली की वरचं पाणी वरच. मी एकदा म्हटलं, "नाना, थोडी रेती मिसळून बघू का?" त्यांनी मान वर न करता विचारलं, "बारावीत गनितात कोन राह्यलं व?" विषय तिथंच संपला.

गणितात राहिले म्हणूनच त्या वर्षी घरी होते. धुळ्याला मावशी राहायची, आणि तिथं सहा आठवड्यांचा रोपवाटिकेचा वर्ग निघाला होता. अक्कानं हट्ट धरून मला पाठवलं. शिकवणारे सर फळ्यावर लिहायचे, पण मला खरं शिकवलं ते पिशव्या भरणाऱ्या दगूबाईनं. ती अहिराणी बोलायची. मी पहिल्या दिवशी काळ्या मातीच्या ढिगाकडे हात नेला तशी ती हसली. "पोरी, वावरमा ती माटी सोनं शे. डब्बामा फाशी शे. मुयास्ले दम लेवाले जागा नको का?" मुळ्यांना श्वास घ्यायला जागा हवी, असं तिचं म्हणणं. तिनं पोयटा, म्हणजे नदीचा गाळ, रेती, जुनं शेणखत आणि कुजलेली भुईमुगाची टरफलं एकत्र कालवली, मूठभर उचलून दाबली आणि मूठ उघडली. गोळा जमला होता. बोटानं टोचला तसा सुटा झाला. "आसं पाहिजे," ती म्हणाली. शेवटी तिनं एका गोणीतून पांढरट भुकटी घेऊन प्रत्येक डब्यामागे दोन मुठी टाकली. फळझाडाला याच्याशिवाय जोर नाही, असं सरांनीही लिहून दिलं होतं. ते हाडाचं खत होतं. मेलेल्या जनावरांची हाडं दळून केलेलं.

मी त्याची दहा किलोची गोणी धुळ्याहून घेऊन आले. एसटीत ती पायांशी ठेवली होती आणि पारोळा येईस्तोवर मी ठरवून टाकलं होतं की घरी काय सांगायचं. घरी येताच मी ते खत तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि गोणी चुलीत घातली. नानांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पांढरं खत हाये. कारखान्यातलं." ते म्हणाले, "बरं." कुजलेल्या मुळ्यांना कंटाळलेला माणूस होता तो, एवढ्या एका वर्षी त्यांनी मला माझ्या मनासारखी माती करू दिली. ढीग मी घातला आणि कालवला त्यांनी, उघड्या हातांनी. पत्र्याची पिंपं मधोमध कापून त्यात आम्ही तीन-तीन वर्षांची मोसंबीची कलमं लावली. आषाढ-श्रावणात एकही झाड मेलं नाही. दिवाळीपर्यंत पानं अशी काळपट हिरवी झाली की नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "पोरगीनं केली हाये माती," असं सांगायचे. त्या बोलण्यानं मला आनंद व्हायचा आणि लगेच मी पांढऱ्या खताच्या डब्याचं झाकण घट्ट आहे ना ते बघून यायचे.

तेव्हाच शेठ आले. बाजारात त्यांचं डाळींचं मोठं दुकान होतं; राजस्थानातून आलेलं जुनं जैन घराणं. त्यांच्या आईंचे, म्हणजे माजींचे, गुडघे गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं होतं आणि झाडांवाचून त्यांना करमत नव्हतं, म्हणून गच्चीवर फळझाडं लावायची होती. शेठनी आमची सहा मोसंबी निवडली. जाता जाता थांबून म्हणाले, "नाना, एक गोष्ट आधीच बोलून घेतो. या मातीत हाड, रक्त, मासळी असलं काही नाही ना? माजी अशा वस्तूला घरात येऊ देणार नाहीत."

नाना हसले. गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाले, "शेठ, मीच मायकरी माणूस. शेणखत, पेंड आनं एक कारखान्यातलं खत. दुसरं काही सापडलं तं माझं नाव बदला."

मी दहा पावलांवर चाळणी धरून उभी होते. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण त्या दोन क्षणांत माझ्या मनात किती तरी हिशेब झाले. आता माती बदलायला काढली तर झाडं मरतील. नानांना कळेल की महिनोन्महिने ते काय हातानं कालवत होते. आणि दोन मुठी तर आहेत, मातीत मिसळून माती झालेल्या, कोणाला दिसणार? मी चाळणी हलवायला लागले. शेठ निघून गेले.

झाडांची देखभाल करायला दर रविवारी मीच त्यांच्या गच्चीवर जायचे. माजी पांढऱ्या साडीत, दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या असत. अंगानं लहानखुऱ्या, आवाज मात्र खणखणीत. मोसंबीच्या पानांवर हिरव्या अळ्या पडल्या की त्या औषध मारू देत नसत. मी एकेक अळी पानासकट वाटीत काढायचे, तीन जिने उतरायचे आणि मागच्या बोळातल्या कागदी लिंबाच्या झाडावर सोडून परत यायचे. "मोजल्या का?" त्या विचारायच्या. "अकरा," मी सांगायचे. "परवा मी बारा मोजल्या होत्या. एक कुठं राहिली बघ." मग आम्ही दोघी ती बारावी शोधायचो. त्यांना घरात ऐकणारं कुणी उरलं नव्हतं बहुतेक. त्या मला लग्न होऊन मारवाडातून इथं आल्या तेव्हाचं सांगायच्या, बैलगाडीतल्या प्रवासाचं, आधी न कळणाऱ्या भाषेचं. मधेच वाकून मातीची चिमूट उचलून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "किती चांगली माती केलीस, बेटा." मी दुसरीकडे बघायचे. दर रविवारी घरून निघताना मी ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर रविवारी जिना उतरताना ठरवायचे की पुढच्या वेळी.

हल्ली माझ्या नर्सरीत कोकोपीटच्या विटा येतात, खतांच्या पुड्यांवर सगळं छापलेलं असतं. गिऱ्हाईक मोबाइलवर वाचून येतं. कुणी मला विचारलं की यात काय आहे, की मी पुडी उलटी करून बारीक अक्षर मोठ्यानं वाचते. माझी सून हसते. तिला वाटतं, सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून त्या मोठ्यानं वाचतात.

दुसऱ्या वर्षी माघात झाडं फुलली. श्रावण सरता सरता दोन झाडांवर मिळून नऊ मोसंबी टिकल्या. आणि पर्युषणात माजींनी अठाई धरली, म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त पाणी, तेही त्यांच्या रीतीप्रमाणे उकळून निववलेलं. वय सत्तरीच्या पुढं, डॉक्टर नको म्हणत होते. सातव्या दिवशी मी गेले तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या. हात उचलवत नव्हता, पण डोळे लख्ख. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "परवा सकाळी पारणं. मी सुनेला सांगितलंय, पहिला घोट माझ्या झाडाच्या मोसंबीचा. तूच तोडायची, रस तूच काढायचा. नानांनाही घेऊन ये."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. संध्याकाळी अक्कानं ताटं वाढली आणि मी पहिल्या घासालाच रडायला लागले. सगळं सांगून टाकलं. धुळ्याची गोणी, ती चुलीत घातल्याचं, शेठ आले त्या दिवशीचं गप्प राहणं.

नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या तळहातांकडे बघत होते. उठले, मोरीवर गेले, हात धुतले. परत येऊन बसले, पुन्हा उठले आणि पुन्हा धुतले. मग गळ्यातली माळ काढून त्यांनी देवापुढं ठेवली. "मले कामून नाही सांगतलं?" एवढंच विचारलं.

"तुम्ही वापरू दिलं नसतं."

"नसतंच दिलं." ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "आता बोलायचं नाही. आठ दिवसांची उपाशी म्हातारी हाये. ऐकून तिले काही झालं तं? पारनं होऊन जाऊ दे. मंग आपन काही निमित्त काढून झाडं घेऊन येऊ."

भाकरीचा तुकडा ताटात ठेवून अक्का म्हणाली, "आनं तिनं तो रस पेल्यावर? मंग तिले परत देता येईन का काही?"

"तू मधी बोलू नोको!" नाना ओरडले. मी त्यांना अक्कावर ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ताटं तशीच राहिली. दुसरा अख्खा दिवस आम्ही तिघंही रोपांना पाणी घालत, तण काढत एकमेकांना टाळत राहिलो. मला एकदा वाटलं की रात्रीत वारा सुटावा आणि फळं गळून पडावीत. दुसऱ्यांदा वाटलं की ताप यावा.

पारण्याच्या सकाळी नाना इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. शेठच्या घरी जिन्यापासून चपलांचा ढीग होता. गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, लेकी-नातवंडं आली होती, बायका गाणी म्हणत होत्या. माजींना केशरी चुनरी पांघरून मध्ये बसवलं होतं. एका पाटावर चांदीची वाटी, मुगाचं पाणी आणि एक रिकामा पेला. सूनबाईंनी माझ्या हातात कात्री दिली. मी झाडाजवळ गेले, दोन फळं तोडली. हातात ती जड लागली. नाना गच्चीच्या दाराशीच थांबले होते. मी मोसंबी कापल्या, रस काढला, पेला भरला आणि माजींपुढं नेला.

त्यांनी पेला घेतला नाही. आधी हात जोडले. मला वाटलं देवाला जोडताहेत, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "खमत खामणा, बेटा," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस होता. त्या लोकांत लहानमोठा न बघता एकमेकांची क्षमा मागतात, हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. "वर्षभरात तुला उन्हात जिने चढायला लावले, अळ्या मोजायला लावल्या. टोचून बोलले असेन. जाणता-अजाणता जे झालं ते माफ कर." सत्तरीपुढची बाई, आठ दिवसांची उपाशी, आणि हात माझ्यापुढं जोडलेले.

"हे पिऊ नका," मी म्हणाले.

गाणं थांबलं. सूनबाई म्हणाल्या, "काय झालं?"

"मातीत हाडाचं खत आहे. मी घातलंय." माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

कुणीतरी पेला माझ्या हातातून काढून घेतला. बायका मागं सरकल्या. शेठ उठून दाराकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नाना, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता, शेठ," नाना म्हणाले. "खोटा निघाला." त्यांनी पुढं काही जोडलं नाही. ‘मला ठाऊक नव्हतं, पोरीनं फसवलं’ असं एक अक्षर नाही. मीच ओरडले, "नानांना परवापर्यंत माहीत नव्हतं हो!" पण शेठ ऐकत नव्हते.

माजींनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले. त्यांनी मला विचारलं, "कोणाची हाडं?"

आजवर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले, पण असा प्रश्न कुणी विचारला नाही. दीड वर्षात माझ्या मनात खत आलं होतं, शब्द आला होता, नानांची माळ आली होती. कोणाची, हे आलं नव्हतं. "जनावरांची," मी म्हणाले. "गाई, बैल... मला नीट ठाऊक नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. माझ्यासाठी काही म्हणत होत्या की त्या जनावरांसाठी, ते मला कळलं नाही. मग डोळे न उघडता त्या सुनेला म्हणाल्या, "मुगाचं पाणी दे." चांदीच्या वाटीतून त्यांनी एक घोट घेतला. पारणं झालं. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

दुपारी नानांनी आणि दोन हमालांनी सहाही पिंपं तीन जिने उतरवली. वर धुण्याचा आवाज चालू होता. गच्ची घासून काढत होते. पाण्याचे ओघळ जिन्यावरून आमच्या मागोमाग खाली येत होते. मी हातगाडी धरून उभी होते आणि बाजारातली माणसं बघत होती. त्यानंतर कित्येक महिने त्या बाजूचं एकही गिऱ्हाईक आमच्याकडे फिरकलं नाही. नानांनी पांढऱ्या खताचा डबा नदीपलीकडच्या माळावर खोल पुरला, आंघोळ केली आणि माळ पुन्हा गळ्यात घातली. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. पण माती कालवायला ते मला हाक मारत नसत, आणि मीही जात नसे. मी स्वयंपाकघरात अक्काच्या हाताखाली असायचे. एकदा तिनं विचारलं, "पस्तावली का व?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते खरं होतं. सांगितल्याचा पस्तावा नव्हता. पण नाना पडवीत एकटे चाळत बसलेले दिसले की मी हातातलं काम टाकून दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

पौष असेल, कारण ऊन हवंसं वाटत होतं. आमच्या फाटकाशी एक मोटार थांबली. आधी शेठ उतरले, मग त्यांचे दोन नोकर, आणि त्या दोघांनी वेताच्या खुर्चीसकट माजींना उचलून आत आणलं. तीन जिने त्या अशाच उतरल्या होत्या. नाना हातातलं फावडं तसंच धरून उभे राहिले. शेठ नाराज होते हे दिसत होतं. ते मोटारीपाशीच थांबले.

"मला झाडं पाहिजेत," माजी नानांना म्हणाल्या. "पण माती माझ्यासमोर कालवायची. आणि तिनं कालवायची."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग फावडं माझ्या हातात दिलं.

मी एकेक ढीग घातला. गिरणेचा पोयटा. रेती. दोन वर्षांचं शेणखत. टरफलं. निंबोळी पेंड, कपाशीच्या काड्यांची राख. प्रत्येक ढिगाचं नाव मी मोठ्यानं सांगायचे आणि माजी चिमूट घेऊन बघायच्या. शेणखतात गांडुळं होती. ती सगळी त्यांनी मला वेचून बाजूच्या वाफ्यात सोडायला लावली. त्यात तासभर गेला. "याच्यानं फळ येईल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उशिरा येईल. कमी येईल. कदाचित येणारही नाही." नाना माझ्याकडे वळून बघायला लागले, गिऱ्हाइकाला असं कुणी सांगत नाही. माजी म्हणाल्या, "चालेल." मी कालवायला घेतलं. थोड्या वेळानं समोरून दुसरं फावडं ढिगात शिरलं. नाना होते. आम्ही दोघांनी मिळून ती सबंध माती तीनदा वरखाली केली.

ऊन चढलं होतं. माजींचा घसा कोरडा पडला असावा. त्यांनी अक्काकडे पाणी मागितलं. अक्का गडबडली. पदराला हात पुसत म्हणाली, "माजी, आमच्याकडं कांदा-लसूण होतो. भांडी... आनं पानी उकळेल नाही."

"उकळून आण," माजी म्हणाल्या. "मी बसते."

अक्कानं चूल पेटवली. पाणी उकळलं, निवलं, तोवर माजी पडवीत बसून रोपांकडे बघत राहिल्या. शेठ मोटारीपासून दोन पावलं पुढं आले होते. अक्कानं पेला आणून माझ्या हातात दिला आणि मला पुढं ढकललं. माझे हात मातीनं भरलेले होते, ते तसेच होते. माजींनी पेला घेतला. पाणी कसं गाळलं, कोणत्या भांड्यात उकळलं, काही विचारलं नाही. सावकाश, थांबत थांबत, त्या ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.